ओपनस्टॅक टॅकर: सहा-सात महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

पुण्यातल्या आमच्या लॅबमध्ये ओपनस्टॅक या मुक्त-स्रोत क्लाउड प्रणालीवर फायरवॉल, राउटर, डीएनएस आणि फाइव्ह-जी कोअरचे काही भाग चालतात. ही सगळी आभासी नेटवर्क फंक्शन्स, म्हणजे आमच्या बोलण्यातली व्हीएनएफ, पूर्वी आम्ही हीटच्या (लिहून दिलेल्या वर्णनावरून यंत्रं उभी करणारा ओपनस्टॅकचा भाग) टेम्प्लेटवर आणि अ‍ॅन्सिबलच्या प्लेबुकवर, म्हणजे सर्व्हरची कामं आपोआप करणाऱ्या स्क्रिप्टवर, सांभाळायचो. गेले सहा-सात महिने ते काम टॅकर, म्हणजे ओपनस्टॅकमधलाच व्हीएनएफ सांभाळणारा भाग, करतोय. टेलिकॉममध्ये काम करणाऱ्या आणि हा निर्णय घ्यायच्या बेतात असलेल्या मंडळींसाठी हा अनुभव सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. व्हीएनएफ उभा करण्यासाठी टॅकर घेऊ नका, त्यासाठी हीट पुरेसा आहे. एखादं काम अर्ध्यात अडकलं की पुढे काय करायचं, याची नीट शिस्त हवी असेल तर टॅकर घ्या. त्याची खरी किंमत तिथे कळते, आणि त्या एका गोष्टीसाठी मी त्याच्या बाकीच्या कटकटी सहन करायला तयार आहे.

थोडी पार्श्वभूमी. ऑक्टोबर 2012 मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाट इथल्या परिषदेत मोठ्या दूरसंचार कंपन्यांनी मिळून एक श्वेतपत्रिका मांडली. नेटवर्कची कामं खास पेट्यांमधून काढून साध्या सर्व्हरवर आणावीत, हा तिचा गाभा. मग युरोपातल्या एट्सी या मानक संस्थेत त्यासाठी गट स्थापन झाला आणि त्यातून आजचा आराखडा आला: खाली व्हीआयएम, म्हणजे यंत्रं, नेटवर्क आणि स्टोरेज पुरवणारा, आमच्याकडे ओपनस्टॅक, मध्ये व्हीएनएफएम, म्हणजे एकेका फंक्शनचं जन्मापासून शेवटापर्यंत बघणारा, आणि वर एनएफव्हीओ, म्हणजे सगळ्यांचा मेळ घालणारा. टॅकर मुख्यतः यातला मधला. एट्सीच्या एसओएल या मानकांच्या मालिकेतली कागदपत्रं तो बऱ्यापैकी काटेकोरपणे पाळतो, आणि आमच्या ग्राहकांच्या निविदांमध्ये नेमकी हीच मागणी असते.

बसवणं फार अवघड नाही. चाखून बघायला डेव्हस्टॅक, म्हणजे चाचणीपुरतं ओपनस्टॅक, आहे, आणि आमच्याकडे कोला-अ‍ॅन्सिबल हे ओपनस्टॅक बसवायचं साधन आधीपासून होतं, त्यात टॅकर चालू करता येतो. सर्व्हर विनंत्या घेतो, कंडक्टर प्रत्यक्ष कष्ट करतो, दोघांमध्ये निरोप पोचवायला रॅबिट-एमक्यू. एक गोष्ट मात्र आधी ठरवून ठेवा: एकापेक्षा जास्त कंडक्टर चालवायचे असतील तर उलगडलेली पॅकेजं सगळ्यांना दिसतील अशी सामायिक जागा लागते.

खरा वेळ जातो तो पॅकेजमध्ये. टॅकरला व्हीएनएफ द्यायचा म्हणजे सीएसएआर नावाची झिप फाइल द्यायची. तिच्यात टोस्का या वर्णनभाषेत लिहिलेला व्हीएनएफडी, म्हणजे फंक्शनचं वर्णन; हीटचा मूळ टेम्प्लेट; पायथॉनमधली यूझर-डेटा स्क्रिप्ट; आणि कुठली फाइल कुठे आहे हे सांगणारी मेटा फाइल. म्हणजे एकाच यंत्राचं वर्णन दोनदा, एकदा टोस्कात आणि एकदा हीटमध्ये. दोन्हीकडची व्हीडीयूची, म्हणजे फंक्शनमधल्या एकेका प्रकारच्या यंत्राची, नावं अक्षरन् अक्षर जुळली पाहिजेत.

एका विक्रेत्याकडून आलेल्या पॅकेजमध्ये व्हीएनएफडीत नाव मोठ्या अक्षरांत होतं आणि हीटच्या टेम्प्लेटमध्ये लहान. पॅकेज विनातक्रार चढलं, ऑनबोर्डेड असा शिक्काही मिळाला. गाडी अडली ती प्रत्यक्ष फंक्शन उभं करताना, आणि तोवर ग्राहकाची माणसं कॉलवर आलेली होती. चढवताना टोस्काची तपासणी होते, पण हीटच्या टेम्प्लेटशी ताळमेळ तेव्हा बघितला जात नाही. त्यानंतर आम्ही दोन्ही फाइली वाचून नावं जुळवणारी छोटी स्क्रिप्ट पाइपलाइनमध्ये टाकली. टॅकर घेणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या आठवड्यात हे करावं असं मला मनापासून वाटतं.

स्केलिंगचं लिखाण त्याहून चिवट. 'सुरुवातीला दोन फायरवॉल, गरज पडली तर एकेक करत चारपर्यंत' एवढं साधं वाक्य टोस्कात लिहायला पाच वेगवेगळ्या पॉलिसी लागतात: स्केलिंगचे पैलू कोणते, प्रत्येक पायरीला किती यंत्रं वाढणार, सुरुवातीची संख्या किती, उभारणीच्या पातळ्या कोणत्या आणि त्या पातळ्यांवर प्रत्येक व्हीडीयूची संख्या किती. त्यात पायऱ्या मोजायच्या त्या सुरुवातीच्या संख्येच्या वर. म्हणजे कमाल पातळी दोन लिहिली तर यंत्रं चार होतात. नवीन आलेल्या प्रत्येक सहकाऱ्याला मी हे फळ्यावर काढून दाखवतो, कारण नुसतं वाचून ते डोक्यात बसत नाही. मानकच तसं आहे, टॅकरला त्यात बोल लावता येणार नाही. पण नमुन्याची पॅकेजं अजून सोप्या चढणीने मांडता आली असती.

पॅकेजच्या अवस्था मात्र मला आवडल्या. ते वापरात असेल तर पुसता येत नाही. आधी त्यावरची सगळी फंक्शन्स मोकळी करायची, मग पॅकेज डिसेबल करायचं, मगच पुसायचं. पूर्वी सामायिक फोल्डरमधला टेम्प्लेट कोणीतरी 'साफसफाई' म्हणून उडवायचं आणि चालू फायरवॉलचा मूळ कागदच हरवायचा. ते आता होऊ शकत नाही.

आता मुख्य मुद्दा. टॅकरमध्ये प्रत्येक काम, मग ते उभं करणं असो, वाढवणं असो, दुरुस्त करणं असो की बंद करणं, एक स्वतंत्र नोंद होऊन बसतं. त्या नोंदीला स्वतःचा क्रमांक आणि स्वतःची अवस्था असते: स्टार्टिंग, प्रोसेसिंग, कम्प्लीटेड. सुरुवातीलाच परवानगी, म्हणजे ग्रँट, नाकारली गेली तर नोंद थेट रोल्ड-बॅकमध्ये जाते, कारण खाली काही बनलेलंच नसतं. पण काम सुरू झाल्यावर मोडलं तर ती फेल्ड-टेम्पमध्ये जाऊन थांबते. तात्पुरतं नापास. या अवस्थेत टॅकर त्या व्हीएनएफवर दुसरं कुठलंच काम सुरू करू देत नाही, सरळ 409, म्हणजे 'सध्याच्या अवस्थेशी विसंगत' ही एरर, परत करतो. तुमच्यापुढे तीनच वाटा असतात: पुन्हा प्रयत्न करा, मागे फिरा, किंवा हे काम कायमचं फसलं असं जाहीर करा.

एक प्रसंग सांगतो. लोड टेस्ट चालू असताना फायरवॉलचं तिसरं यंत्र वाढवायचं होतं. त्याच प्रोजेक्टमध्ये दुसऱ्या टीमने बरीच यंत्रं उभी केलेली होती आणि व्हीसीपीयूचा, म्हणजे आभासी प्रोसेसरचा, कोटा संपत आला होता. पोर्ट तयार झालं, व्हॉल्यूम तयार झालं, आणि यंत्राच्या पायरीवर नोव्हाने, म्हणजे यंत्रं बनवणाऱ्या ओपनस्टॅकच्या भागाने, नकार दिला. नोंद फेल्ड-टेम्पमध्ये गेली. नोंद उघडून एररचा भाग वाचला, तर हीटने दिलेलं कारण जसंच्या तसं तिथे होतं: कोटा ओलांडला. चालू असलेली दोन्ही यंत्रं शाबूत होती, त्यांच्यातून ट्रॅफिक वाहत होतं. कोटा वाढवून घेतला, रिट्राय दिला, आणि काम पुढे सरकून पूर्ण झालं. नवी विनंती नाही, हाताने साफसफाई नाही. हेच हीटच्या जमान्यात झालं असतं तर अपडेट फेल्ड अवस्थेतला स्टॅक, म्हणजे हीटने एकत्र बांधलेला संच, घेऊन आम्ही बसलो असतो, आणि घाईत कोणीतरी न्यूट्रॉनमधलं, म्हणजे नेटवर्कच्या भागातलं, पोर्ट हाताने पुसलं असतं. मग स्टॅकला वाटतं पोर्ट आहे, प्रत्यक्षात नाही, आणि पुढचा प्रत्येक बदल त्याच दगडाला ठेचकाळतो.

कोटा वाढवून मिळाला नसता तर रोलबॅक दिला असता. अर्धवट बनलेलं पोर्ट आणि व्हॉल्यूम काढून तो संख्या परत दोनवर आणतो. मात्र रोलबॅक सगळ्या कामांना नाही. वाढवण्याला आहे, कमी करण्याला नाही. दुरुस्तीला आणि बंद करण्यालाही नाही. हे विचार करूनच ठरवलेलं आहे असं मी मानतो, कारण जे यंत्र पुसलं गेलं ते 'मागे फिरून' परत कसं आणणार? ऑपरेशन्सच्या माणसांना ही यादी तोंडपाठ हवी.

फेलचा पर्याय जपून वापरा. तो दिला की नोंद कायमची बंद होते आणि पुढची कामं मोकळी होतात, पण खाली क्लाउडमध्ये काय उरलंय याची जबाबदारी तुमची. आमच्याकडे फेल द्यायचा अधिकार रात्रपाळीच्या एकट्या माणसाला नाही, दोघांनी बघून द्यायचा असा नियम केलाय.

हील, म्हणजे दुरुस्ती, हे दुसरं मोठं सुख. एखादं यंत्र आजारी पडलं तर फक्त त्याचाच क्रमांक देऊन तेवढंच नव्याने उभं करता येतं. सोबतचं स्टोरेज बदलायचं की तेच ठेवायचं, हेही सांगता येतं. प्रोमिथियस या देखरेखीच्या साधनाच्या अलर्टवरून हे आपोआपही होतं, आणि डीएनएससाठी आम्ही ते चालू ठेवलंय. फायरवॉलसाठी मुद्दाम नाही. कारण असं की नवं यंत्र कोऱ्या पाटीने येतं. त्यावरचे नियम कोण भरणार? त्यासाठी पॅकेजमध्येच स्क्रिप्ट द्यावी लागते, जी दुरुस्ती संपल्यावर चालते. या स्क्रिप्टला टॅकर सगळी माहिती पायथॉनच्या पिकल स्वरूपात स्टॅंडर्ड इनपुटवरून देतो: मूळ विनंती, व्हीएनएफची सध्याची स्थिती, ग्रँट, पॅकेज कुठे उलगडलंय तो रस्ता. त्यातून नव्या यंत्राचा आयपी काढायचा आणि नियम चढवायचे. जमलं की फार छान चालतं, पण ते जमवण्याचं काम विक्रेत्याचं की तुमचं, हे कराराच्या वेळीच लिहून घ्या. आमच्या एका पुरवठादाराच्या स्क्रिप्टमध्ये उभारणीनंतरचा भाग होता आणि दुरुस्तीनंतरचा रिकामा. म्हणजे दुरुस्त झालेला फायरवॉल वर येतो, हिरवा दिसतो, आणि त्यात एकही नियम नसतो! अशा फायरवॉलला दुरुस्त म्हणणं मला मान्य नाही. म्हणून स्वीकृती चाचणीत हील करून नंतर नियम मोजणं आम्ही सक्तीचं केलंय.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. व्हीएनएफ एलसीएमच्या, म्हणजे जीवनचक्र सांभाळायच्या, एपीआयची दोन रूपं आहेत. पहिलं एट्सीच्या 2.6.1 आवृत्तीवर, दुसरं 3.3.1 वर. नवी वैशिष्ट्यं बहुतेक दुसऱ्यात येतात, आणि एका रूपात जन्मलेला व्हीएनएफ दुसऱ्या रूपाच्या कमांडने सरळ हाताळता येत नाही, आधी डेटाबेसमधून स्थलांतर करावं लागतं. नव्याने सुरुवात करत असाल तर डोळे मिटून दुसरं रूप घ्या. जुन्या काळची एट्सीच्या आधीची एपीआय आता काढून टाकलीय, व्हीआयएमची नोंदणी तेवढी उरलीय. फंक्शन्सची साखळी जोडायची व्हीएनएफएफजी नावाची सोय तिच्याबरोबर गेली. आम्हाला तिची उणीव जाणवते. फायरवॉलमागे राउटर असा ट्रॅफिकचा मार्ग आता न्यूट्रॉनमध्ये वेगळा आखावा लागतो.

कागदपत्रं भरपूर आहेत, पण एट्सीचं एसओएल-003 वाचलेलं आहे असं गृहीत धरून लिहिलेली. ते न वाचता टॅकरमध्ये उतरलेला माणूस चाचपडतो. नव्या सहकाऱ्याला आम्ही आधी त्या कागदातलं अवस्थांचं प्रकरण वाचायला लावतो, मग कमांड शिकवतो.

मदतीबद्दल मात्र चांगलंच बोललं पाहिजे. या प्रकल्पात जपानी कंपन्यांच्या अभियंत्यांचा, एनटीटी, फुजित्सू, एनईसी यांचा, मोठा वाटा राहिलाय. जपानचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे. सकाळी कामावर येताच प्रश्न टाकला तर बऱ्याचदा दुपारच्या डब्यापर्यंत उत्तर येतं, आणि उत्तरं सभ्य, मुद्द्याला धरून असतात. बग नोंदवताना पॅकेजचं छोटं रूप सोबत जोडलं तर काम आणखी लवकर होतं.

कंटेनरचं थोडक्यात: कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीसवर आणि त्याच्या हेल्म या पॅकेज साधनावरही टॅकर चालतो, आम्ही दोन्ही करून बघितलं आणि ठीक वाटलं. पण तुमचं सगळंच कंटेनरमध्ये असेल तर एट्सीचा हा सगळा पसारा लागतोच का, हे आधी स्वतःला विचारा. आमच्याकडे निम्म्याहून जास्त फंक्शन्स अजून व्हर्च्युअल मशीनवर आहेत, म्हणून लागतो.

ओनॅप हे याच कामाचं मोठं व्यासपीठ आम्ही घेतलं नाही, आमच्या आकाराला ते फार अवजड. एट्सीचं स्वतःचं ओपन सोर्स मॅनो चांगलं आहे, आणि एकाच वेळी अनेक प्रकारच्या क्लाउडवर काम असेल तर मी आधी तिकडे बघेन. खाली फक्त ओपनस्टॅक असेल, ओळख तपासणाऱ्या कीस्टोनपासून इमेज ठेवणाऱ्या ग्लान्सपर्यंत सगळं घरचंच असेल, तर टॅकर जास्त सुटसुटीत पडतो.

सध्या आम्ही चालू व्हीएनएफचं पॅकेज बदलण्याची सोय तपासतोय. यात फंक्शन बंद न करता एकेक यंत्र नव्या इमेजवर नेलं जातं. त्यासाठी दोन स्क्रिप्ट द्याव्या लागतात, एक जुन्या यंत्राला निरोप देण्याआधी चालणारी आणि एक नवं यंत्र वर आल्यावर चालणारी. डीएनएसवर ते व्यवस्थित झालं. फायरवॉलच्या जुन्या यंत्रातली चालू सेशन्स शेजारच्या यंत्राकडे कशी सोपवायची, त्या स्क्रिप्टवर या आठवड्यात काम चालू आहे.