सौर पंप की सौर फीडरची दिवसाची वीज?

नव्या विहिरीला पाणी बरं लागलं, आता मोटर कशावर चालवायची, हा प्रश्न निफाड-दिंडोरीकडे सध्या बरेच जण विचारतात. एकीकडे ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’, 10 टक्के हिस्सा भरून. दुसरीकडे नेहमीचं कनेक्शन, आणि सौर कृषी वाहिनी योजनेतल्या उपकेंद्राजवळच्या प्रकल्पामुळे दिवसा मिळणारी वीज, म्हणजेच सौर फीडर. आमच्या जुन्या मळ्यात वडिलांच्या नावावर कनेक्शन आहे. माझ्या गटातल्या विहिरीवर मी सौर पंप घेतला. दोन्ही वापरात आहेत.

बिलाचा मुद्दा बाजूला ठेवा. एप्रिल 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना बिल माफ आहे, त्यामुळे ‘सौरने बिल वाचतं’ हे आज तरी लागू होत नाही.

देशाच्या हिशेबात फीडर सरस, हे मला मनापासून मान्य आहे. पावसाळ्यात माझा पंप उभा असतो, तेव्हा पॅनेलवरचं ऊन वाया जातं. उपकेंद्राजवळच्या प्रकल्पाची वीज मात्र शेतीला नको असेल तेव्हा दुसऱ्या कोणाच्या कामी येते. विजेची निम्मी स्थापित क्षमता जीवाश्म इंधनाशिवाय उभारायचं भारताचं 2030 चं उद्दिष्ट 2025 मध्येच गाठलं गेलं, ही अभिमानाचीच गोष्ट. पण क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष तयार होणारी वीज वेगळी. दिवस मावळला की आजही मुख्य भार नाशिकजवळच्या एकलहऱ्यासारख्या वीज केंद्रांतल्या कोळशावरच. शेतीची वीज रात्रीवरून दिवसावर आणणं म्हणूनच मोठं काम आहे, आणि एकेका पंपापेक्षा फीडर ते झपाट्याने करतो.

तरी मी सौर पंप घेतला, तो डीपीमुळे, म्हणजे शिवारातल्या सामाईक ट्रान्सफॉर्मरमुळे.

सूर्य उपकेंद्रापर्यंत आला, पण तिथून पुढे तार तीच आणि डीपीही तीच. रात्रपाळीच्या काळात बिबट्याच्या भीतीने सगळ्यांनी स्टार्टरला ऑटो, म्हणजे वीज आली की मोटर आपोआप चालू करणारे स्विच, बसवले. ते अजून तसेच आहेत. थ्री फेज आली की डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, व्होल्टेज बसतं, फ्यूज जातो, आणि लोड वाढला की डीपीच जळते. ऑटो काढा, कॅपॅसिटर बसवा, असं सांगून लोक थकले. पण एकट्याने काढून भागत नाही, बाकीचे चालूच राहतात. आमची डीपी जळाली ती द्राक्षबागेच्या उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर. त्या दिवसांत नव्या फुटीत पुढच्या हंगामाचे घड ठरत असतात. बदली डीपीची वाट बघत बागेला ताण बसला, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर घड कमी निघाले ते त्याच मळ्यात. सौरच्या प्लॉटवर त्या उन्हाळ्यात पाण्याचा प्रश्नच आला नाही. दुसऱ्याच्या मोटारीचा माझ्या पाण्याशी संबंध उरत नाही, ही गोष्ट माझ्यासाठी बाकी सगळ्यापेक्षा मोठी ठरली.

सौरलाही अडचणी आहेतच. फवारणीचे डाग पॅनेलवर बसतात, ते धुवावे लागतात. पंपाचा आकार जमिनीवरून ठरतो: अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, पाचपर्यंत 5. विहीर खोल असेल तर हे आधीच तपासा. आणि निफाडची थंडी! डिसेंबर-जानेवारीत पारा उतरला की पहाटे ठिबकने पाणी देऊन बाग सांभाळावी लागते, तेव्हा सौर पंप काहीच कामाचा नाही.

तुमची बाग नदीकाठच्या खोलगट, गार पट्ट्यात असेल आणि डीपीवर मोटारी मोजक्याच असतील, तर कनेक्शन घेणं कदाचित बरं. एरवी, निदान आमच्या भागात तरी, मी सौरच सुचवेन. अर्ज करताना यादीतून कंपनी आपल्यालाच निवडायची असते. पाच वर्षं दुरुस्ती तिच्याकडेच राहते, तेव्हा निवडण्याआधी शिवारातल्या दोघा-तिघांना विचारा, की पंप बंद पडल्यावर कोणत्या कंपनीचा माणूस खरोखर बांधावर आला.