नेरुळ, वरचा मजला, जुना जीआय पाइप आणि डिशवॉशर: वापरानंतरचा अनुभव

डिशवॉशरमध्ये किती भांडी मावतात, कढई निघते का, वीज किती खातो, यावर मराठीत आता भरपूर लिहिलेलं सापडतं, म्हणून ते मी थोडक्यात उरकणार आहे. मला लिहायचंय ते भिंतीतून येणारा पाइप आणि मशीनची नळी यांच्यामधल्या वीतभर जागेबद्दल. गणपतीच्या आधी मशीन घेतलं. तेव्हापासून जेवढा मनस्ताप झाला, त्यातला बहुतेक त्या वीतभर जागेत झाला.

आम्ही नेरुळला सिडकोच्या जुन्या इमारतीत राहतो, चौथ्या आणि शेवटच्या मजल्यावर. गच्चीवरची टाकी जवळजवळ डोक्यावरच आहे. या इमारती बांधल्या तेव्हा ओट्याखाली मशीन येईल असं कोणाच्या मनातही नव्हतं. त्यामुळे सिंकच्या नळाशिवाय वेगळा पॉइंट नाही, सांडपाण्याची वेगळी सोय नाही, आणि पाण्याची लाइन अजून जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची.

गेल्या महिन्यात मशीन सुरू केल्यावर पाचेक मिनिटांत थांबलं आणि नळाच्या चित्राचा दिवा लुकलुकायला लागला. पाणी पुरेसं येत नाही, असा त्याचा अर्थ. कंपनीचा माणूस आला, नळ उघडून बघितला आणि म्हणाला, "मॅडम, प्रेशरच नाही तुमच्याकडे. वरचा मजला आहे ना. बूस्टर पंप बसवून घ्या." पंप, बसवणं, वायरिंग धरून साडेसात हजार सांगितले. मशीनमध्ये दोष नाही म्हणून भेट वॉरंटीत बसत नाही, तेव्हा व्हिजिट चार्ज वेगळा. आणि जाताना कॉल बंद करायचा ओटीपी मागितला.

ओटीपी मी दिला नाही. हे प्रत्येकानं लक्षात ठेवावं. तो आकडा दिला की त्यांच्याकडे "तक्रार सुटली" अशी नोंद होते आणि पुढच्या वेळी नवी तक्रार, नवा चार्ज. काम होऊन मशीन तुमच्यासमोर पूर्ण पाणी भरून घेईपर्यंत ओटीपी द्यायचा नाही. तो वैतागला. मी त्याला चहा दिला, ओटीपी नाही.

प्रेशर कमी आहे हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पाण्याची पातळी 10 मीटर उंच असली की साधारण 1 बार दाब मिळतो. आमच्या टाकीतलं पाणी ओट्याखालच्या कॉकपासून चारेक मीटर वर, म्हणजे दाब 0.4 बारच्या आसपास. तळमजल्यावर हाच हिशेब दीड बारच्या वर जातो. माझ्या मशीनच्या पुस्तिकेत किमान 0.3 बार लिहिलंय. म्हणजे आम्ही काठावर आहोत, पण आत आहोत. आणि याच दाबावर मशीन गणपतीपासून एप्रिलपर्यंत विनातक्रार चाललं. टाकी काही खाली सरकली नव्हती. मग बदललं काय?

आमच्या सोसायटीतली प्लंबिंगची कामं वर्षानुवर्षं एकच काका करतात. ते आले, मशीनकडे बघितलंसुद्धा नाही. इनलेट नळी सोडवली आणि तिचं तोंड बादलीत धरलं. 10 लिटरची बादली भरायला चार मिनिटं लागली. मग नळीच्या कपलिंगमधली छोटी गोल जाळी चिमट्यानं बाहेर काढली. गंजाचे तपकिरी कण, टेफ्लॉन टेपचे पांढरे तुकडे आणि सुतळीचे धागे, सगळं एकात एक घट्ट बसलेलं. जाळी जुन्या टूथब्रशनं घासून परत लावली. तीच बादली सव्वा मिनिटात भरली.

कारणही काकांनीच सांगितलं. त्याच आठवड्यात सोसायटीनं टाक्या साफ करून घेतल्या होत्या. टाकी रिकामी होऊन पुन्हा भरते तेव्हा जुन्या जीआय लाइनमधला आतून सुटलेला गंज वाहत येतो. खालच्या मजल्यांवर दाब जास्त, म्हणून थोडी अडलेली जाळीही खपून जाते. वरच्या मजल्यावर तेवढी मोकळीक नसते. कंपनीच्या माणसानं हीच जाळी काढून बघितली असती, तर काम तिथल्या तिथे झालं असतं. पुस्तिकेत "पाणी येत नसल्यास प्रथम जाळी तपासा" असं स्पष्ट लिहिलेलं आहे. ते सोडून साडेसात हजारांचा पंप सुचवला, याचा मला अजूनही राग आहे. पंप लावला असता तर तो गंज आणखी जोरात त्याच जाळीवर जाऊन बसला असता.

काकांनी कायमचा उपाय म्हणून कॉक आणि नळी यांच्यामध्ये पितळी वाय स्ट्रेनर, म्हणजे लाइनमध्ये बसणारी गाळणी, बसवला. तिरकी शेपटी असलेला हा तुकडा हार्डवेअरच्या दुकानात साडेतीनशेला मिळाला. शेपटीचं बूच पान्यानं उघडायचं, आतली जाळी धुवायची, बंद करायचं. मशीन ओढायला नको, नळी सोडवायला नको. जिथे जीआय लाइन आहे तिथे हा तुकडा मशीनसोबतच खोक्यात यायला हवा, इतकं माझं स्पष्ट मत झालंय.

आता इन्स्टॉलेशनबद्दल, कारण गडबडीची सुरुवात तिथूनच आहे. "इन्स्टॉलेशन मोफत" याचा अर्थ माणसाची मजुरी मोफत. कॉक, नळीचं एक्स्टेन्शन, रिड्यूसर (दोन वेगळ्या मापांचे आटे जोडणारा तुकडा) या सगळ्याचे पैसे वेगळे, आणि बाजारभावापेक्षा बरेच जास्त. मशीनच्या नळीचा आटा पाऊण इंची, आपल्या घरातली लाइन अर्धा इंची. त्यांनी एकाच मुठीचा टू-वे, म्हणजे दोन तोंडांचा, अँगल कॉक आणि त्यावर रिड्यूसर लावला. एक मूठ म्हणजे मशीनचं पाणी बंद केलं की सिंकचा नळही बंद. आणि रिड्यूसरच्या जोडातून थेंब थेंब गळून खालच्या ट्रॉलीचा प्लाय फुगला. दिवाळीच्या तोंडावर काकांनी ते सगळं काढून दोन स्वतंत्र मुठींचा कॉक लावला, ज्याचं एक तोंड थेट पाऊण इंची होतं. रिड्यूसरची गरजच संपली. हा कॉक मशीन यायच्या आधी स्वतः आणून, आपल्या प्लंबरकडून बसवून ठेवावा. कंपनीच्या माणसाला फक्त नळी जोडू द्यावी.

सांडपाण्याच्या नळीचंही तसंच. ती त्यांनी जमिनीवरून नेऊन फरशीतल्या नहाणी ट्रॅपच्या जाळीत खुपसली होती. नळीचं तोंड इतकं खाली असलं की मशीनमध्ये भरलेलं पाणी आपोआप ओढलं जाऊन वाहून जातं. आमचं मशीन पाणी घेत राहायचं, धुणं लांबत जायचं, आणि आत कुबट वास. पुस्तिकेत तोंड किमान 40 सेंटिमीटर उंच हवं असं चित्रासकट दिलंय. काकांनी एक उभा पाइप बसवून नळी वरून त्यात सोडली. वास गेला, वेळही ताळ्यावर आला.

आता मशीनबद्दल. स्टीलची ताटं, वाट्या, कुकरची भांडी इतकी लख्ख निघतात की सासूबाईंनी पहिल्या आठवड्यातच विरोध सोडला. मासे केल्यावर भांड्यांना राहणारा वास पूर्ण जातो. हळदीचे डाग स्टीलवरून जातात, प्लॅस्टिकच्या डब्यांवरून नाही. फोडणीची करपलेली कढई आधी भिजवून 70 अंशांच्या प्रोग्रॅमला लावली तरच निघते. जर्मनची पातेली आत घालायची नाहीत, पावडरमधल्या क्षारांनी ती काळी पडतात. पितळ, लोखंडी तवा, लाकडी पोळपाट बाहेरच. एका धुण्याला साधारण 10 ते 12 लिटर पाणी आणि युनिटभर वीज. टॅबलेट महाग पडतात. पावडर आणली की भांडी किती खरकटी आहेत ते बघून माप कमी-जास्त करता येतं, म्हणून मी पावडरच वापरते.

सॉल्ट, म्हणजे पाणी सौम्य करायला मशीनमध्ये घालायचं खास मीठ, त्याबद्दल मात्र माझं मत मधेच बदललं. आमच्याकडे नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी, भोकरपाड्याला शुद्ध होऊन येणारं. पावसाचं साठलेलं पाणी, त्यामुळे सौम्य, म्हणजे कमी क्षारांचं. मशीनसोबत पाण्याचा जडपणा मोजायची पट्टी येते, तिच्यावर ते अगदी खालच्या पातळीत दिसलं आणि मी सेटिंगही सगळ्यात खाली ठेवलं. थंडीभर सॉल्ट जवळजवळ लागलंच नाही, तेव्हा मला वाटायचं, नवी मुंबईत सॉल्टवर पैसे घालवायची गरज नाही. मग उन्हाळ्यात पाणीकपात सुरू झाली, सोसायटीनं टँकर मागवले, आणि काचेच्या ग्लासांवर पांढरा थर दिसायला लागला. टँकरचं पाणी बोअरवेलचं असेल तर जड असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात या जडपणाची, म्हणजेच कठीणपणाची, इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालतं. म्हणजे पिण्यायोग्य असूनही पाणी मशीनसाठी त्रासाचं असू शकतं. टँकर सुरू झाले की मी आता सेटिंग वर नेते आणि सॉल्ट भरते. ग्लास परत स्वच्छ निघतात. स्वयंपाकातलं मीठ त्यात कधीच घालू नये. ते बारीक असतं, त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून इतर पदार्थ मिसळलेले असतात, आणि ते आत साचून राहतात.

कामाच्या मावशींना काढलं का, असं सगळे विचारतात. नाही. त्या आता भांड्यांऐवजी भाज्या निवडून, चिरून देतात, पगार तोच आहे. मला हा बदल मशीनपेक्षाही जास्त आवडलाय.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी मशीन घेण्याआधी एकच करावं. सिंकखालचा कॉक पूर्ण उघडून नळी बादलीत धरावी आणि वेळ मोजावी. 10 लिटरला दीड मिनिटाच्या आत असेल, तर पंपाचा विचार करायचं कारण नाही. जास्त लागत असेल तर आधी जाळ्या, मग कॉक, मग लाइन तपासावी. आमच्या सोसायटीत उभी लाइन बदलून सीपीव्हीसी, म्हणजे न गंजणारा प्लॅस्टिकचा पाइप, टाकायचा विषय पुढच्या सभेत येतोय आणि मी त्याच्या बाजूनं बोलणार आहे.

सध्या कंपनीकडून वार्षिक देखभाल करारासाठी फोन येतात. मी त्यांना एकच अट घातली आहे: प्रत्येक भेटीत इनलेट जाळी काढून साफ करणं करारात लेखी हवं. अजून कोणी लिहून दिलेलं नाही, म्हणून करारही केलेला नाही. ज्या तक्रारीचा ओटीपी मी दिला नव्हता, ती त्यांच्या नोंदीत आजही उघडी आहे.