जुळे सोलापुरातली पॅथॉलॉजी लॅब: लिपिड प्रोफाइलसाठी नक्की जा

आमच्याकडं बीपी पिढीजात आहे. वडिलांना चाळिशीच्या आतच गोळी लागली, आत्यालाही आहे. धाकटा भाऊ अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर असतो. कारखान्यातल्या तपासणीत त्याचं बीपी १५०/९६ निघालं, म्हणून त्याला या लॅबमध्ये नेलं.

त्याच्या डोक्यात कुणीतरी जीन टेस्टचं पॅकेज भरवलं होतं, काही हजारांचं. इथल्या डॉक्टर मॅडमनी ते करू दिलं नाही. म्हणाल्या, रक्तदाबावर परिणाम करणाऱ्या जनुकीय जागा शेकड्यांनी सापडल्यात, पण एकेकीचा वाटा बहुतेक वेळा पाऱ्याच्या एक मिलिमीटरइतकाही नसतो. "वडील, आत्या आणि तुमचं स्वतःचं बीपी, डॉक्टरांना एवढं पुरतं." हातात आलेलं गिऱ्हाईक असं परत पाठवायला मन मोठं लागतं.

त्याऐवजी लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) आणि लायपोप्रोटीन-ए (हृदयविकाराचा वारशानं येणारा धोका दाखवणारी चाचणी) करायला सांगितलं. हे दुसरं मुख्यतः एलपीए या एकाच जनुकावर ठरतं, पथ्यानं फारसं हलत नाही, त्यामुळं आयुष्यात एकदा केलं तरी चालतं. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या सूचनांतही ते एकदा करून घ्या असंच आहे. भावाचं ३१ आलं, ५० च्या आत. जीव भांड्यात पडला.

ट्रायग्लिसराइड (रक्तातल्या चरबीचाच एक प्रकार) मात्र ४३८! इथंच लॅबचा कस कळला. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, बऱ्याचदा थेट मोजत नाहीत, सूत्रानं काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) वजा, शिवाय ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हा हिशेब चुकतो. यांनी तो रकाना कसाबसा भरला नाही, त्याच नमुन्यातून एलडीएल थेट मोजून दिलं. ट्रायग्लिसराइड वाढण्यात एपीओए५ जनुकातल्या फरकांचा हात असू शकतो, पण साखर, दारू, सुटलेलं पोट यांचाही असतो, हे मॅडमनी त्याला नीट बसवून समजावलं आणि तीन महिन्यांची साखरही बघायला लावली. रक्तातली चरबी आणि बीपी एकत्र वाढले की रक्तवाहिन्यांना दुहेरी मार बसतो, हे त्याला तिथंच पटलं. घरी सांगून आम्ही थकलो होतो.

दोन तक्रारी आहेत. रक्त पहिल्या मजल्यावर घेतात आणि लिफ्ट नाही. गुडघेदुखीच्या माणसाला ते जिने चढता येत नाहीत. रिपोर्ट फक्त इंग्रजीत मिळतो, निदान एक पान मराठीत द्यायला हवं.

रिपोर्ट त्याच दिवशी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर येतो. बीपी पाच मिनिटं शांत बसवून, पाय जमिनीला टेकवून, दोन्ही दंडांवर मोजतात. जायच्या आधी अर्धा तास चहा-तंबाखू काही घेऊ नका, नाहीतर थांबवून ठेवतात.