पर्वरीतल्या आमच्या कॉलनीचा ओला कचरा: नऊ महिने वापरल्यानंतर

गेल्या मे महिन्यात आम्ही गोव्यातल्याच डिचोलीहून पर्वरीला राहायला आलो. डिचोलीला घरामागे परस होतं. भाजीची सालं, नुस्त्याची खवलं, चहाचा चोथा, सगळं माडाच्या आळ्यात जायचं. इथे तिसऱ्या मजल्यावर आल्यावर पहिल्याच आठवड्यात बादली हातात घेऊन 'आता हे टाकायचं कुठे' असं विचारत उभं राहायची वेळ आली. आमच्या कॉलनीत 42 घरं. त्यातल्या सात-आठ जणांनी ओला कचरा आवारातच जिरवायचं ठरवलं होतं आणि आम्ही आलो तेव्हा ड्रम नुकते बसले होते. जून ते फेब्रुवारी मी ही सोय रोज वापरली आहे, आठवड्यातल्या दोन सकाळी पाळीही करते. शेजारच्या कॉलन्यांतल्या बायका वरचेवर विचारतात, म्हणून एकदा नीट लिहिते.

व्यवस्था साधी आहे. कुंपणाच्या भिंतीलगत पत्र्याच्या छपराखाली सहा निळे ड्रम, प्रत्येकी 200 लिटरचे, विटांवर ठेवलेले. बाजूला आणि तळाला भोकं. सकाळी सात ते साडेआठ ओला कचरा आणून द्यायचा, पाळीवरचा माणूस तो ड्रममध्ये घालून वर सुका पाला पसरतो. सुका कचरा पंचायतीची गाडी नेते. डायपर, सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळे द्यायचे. ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करून देणं 2016 च्या घनकचरा नियमांनी प्रत्येक घराला सांगितलं होतंच. आपल्याला तर साळगावचा कचरा प्रक्रिया प्रकल्प हाकेच्या अंतरावर. तोही 2016 सालीच सुरू झाला. दिवसाला 100 टन क्षमतेचा होता, पुढे 250 टनांपर्यंत वाढवला. तिथे ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि त्यातून वीज होते. मग आवारात ही खटपट कशाला, असं मलाही वाटलं होतं. कारण महामार्गावर कळलं. उड्डाणपुलाच्या कामामुळे वाहतूक वळवलेली, गाडी कधी आठला तर कधी अकराला. कामावर जाणारी माणसं पिशवी फाटकाशी ठेवून निघून जात आणि दहा वाजेपर्यंत कुत्री ती रस्ताभर पसरवत. सुका कचरा चार दिवस थांबू शकतो, बांगड्याची डोकी थांबत नाहीत.

आता पावसाबद्दल, कारण खरी परीक्षा तिथेच झाली. गोव्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आमचा साठवलेला सुका पाला संपला. बाहेर जो होता तो भिजून चिखल झालेला. पाल्याशिवाय ओल्यावर ओला पडत गेला, हवा खेळायची बंद झाली, तळातून काळपट पाणी वाहू लागलं आणि तळमजल्यावरच्या घरांनी खिडक्या लावून घेतल्या. दुर्गंधी येते ती कचऱ्याची नव्हे, हवा न मिळालेल्या कचऱ्याची, हे तेव्हा शिकले. तळमजल्यावरच्या आजी रोज छत्री घेऊन यायच्या आणि एकच वाक्य म्हणायच्या, "सुकीं पानां घाल गो बाय, सुकीं!" त्यांचं बरोबर होतं. पण पानं आणायची कुठून?

महिनाभर आम्ही धडपडलो. एका सुतारकाम करणाऱ्याकडून भुसा आणला, तर तो प्लायवुडचा निघाला. त्यात गोंद आणि रसायन असतं, परत नेऊन दिला. शेवटी तारून नेलं नारळाच्या सोडणांनी. सोडणांचा भुसा पाणी शोषतो आणि दबत नाही. एक घमेलं ओला कचरा, त्यावर दोन घमेली सुकं, आणि तिसऱ्या दिवशी दाताळ्याने उलथणं, एवढं पाळल्यावर ऑगस्टमध्ये वास थांबला. ड्रममध्ये हात घातला तर गरम लागायचं. तो उबारा म्हणजे आत सूक्ष्मजीव कामाला लागल्याची खूण, आणि रोगजंतू मरतात ते त्याच उष्णतेने.

जुलैत आणखी एक गोष्ट घडली, ती सांगायलाच हवी. ड्रममध्ये करड्या रंगाच्या जाड अळ्या वळवळायला लागल्या. ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या त्या अळ्या. ही माशी चावत नाही, आपल्या अन्नावर बसत नाही आणि तिच्या अळ्या कचरा भराभर संपवतात. पण आमच्यापैकी कुणी हे कुणाला सांगून ठेवलं नव्हतं. एका शेजाऱ्यांनी चांगल्या मनाने, मुलांची काळजी वाटून, दोन ड्रममध्ये फिनेल ओतलं. दोन्ही ड्रम मेले. सगळं उपसून फेकावं लागलं. त्यांच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता, चूक आमची होती. त्यानंतर ड्रमच्या वर पाटी लागली: अळ्या दिसल्या तर घाबरू नका, पाला घाला.

नुस्त्याबद्दल सगळ्याजणी विचारतात. चालतं. खवलं, काटे, कोळंबीची टरफलं, सगळं चालतं, मात्र ते ड्रमच्या मध्ये खळगा करून घालायचं आणि वर वीतभर पाला हवा. खुबे-तिसऱ्यांचे शिंपले घालू नका, ते तसेच राहतात. करवंट्याही नाहीत. त्या आमच्या मागच्या वाड्यावर ज्यांच्याकडे न्हाणीची चूल आहे ते आनंदाने नेतात. उरलेलं शीत मूठभर असेल तर ठीक. मी एकदा पाहुण्यांनंतरचं अख्खं पातेलं रिकामं केलं आणि त्या ड्रमचा आंबट गोळा झाला.

चवथीला मात्र या कॉलनीचा मला अभिमान वाटला. गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगलेली माटोळी उतरवली की काय काय उरतं ते गोव्यात कुणाला सांगायला नको: चिबूड, तोरिंगं, आंबाडे, सुपारीचे घोस, रानातली फळं, आंब्याचे टाळे. आधीच्या वर्षीपर्यंत त्यातलं बरंचसं विसर्जनाबरोबर पाण्यात जायचं. यंदा दीड दिवसाच्या संध्याकाळी तरुण मुलांनी घरोघरी जाऊन निर्माल्य आणि माटोळीचं सामान वेगळं गोळा केलं. खाण्याजोगं वाटून टाकलं, उरलेलं ड्रमला. आरत्या, घुमट या वाद्याचा आवाज, आणि त्यातच गोणी घेऊन जिने चढणारी ती मुलं. एक अडचण निघाली. पूर्वी माटोळी केवणीच्या, म्हणजे एका रानझाडाच्या सालीच्या दोऱ्यांनी बांधत, त्या आपोआप कुजतात. आता बऱ्याच घरी नायलॉनची दोरी आणि बारीक तार असते. डिसेंबरात खत चाळताना त्या तारांनी हात कापले. पुढच्या चवथीला केवण आणायची जबाबदारी मी घेतली आहे, डिचोलीच्या बाजारात ती मिळते.

दिवाळीच्या पहाटे नरकासुराचे पुतळे जाळतात, त्यानंतरचं काम वेगळंच. गवत, कागद, बांबू जळून जातं, पण अर्धवट जळलेला थर्माकोल आणि तारांचा सांगाडा रस्त्यावर राहतो. आमच्या चौकात सकाळी नऊ वाजता पाच जण झाडू घेऊन आले, त्यातले तिघे रात्रभर नरकासुराजवळ जागलेले. फराळ नंतर झाला.

सुक्या कचऱ्याबद्दल थोडक्यात: दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून दिल्या तरच त्यांचं काही होतं. चिप्सच्या चकचकीत वेष्टनांसारखं ज्याचं पुन्हा काही बनत नाही, ते गोव्यातून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांच्या भट्ट्यांना जातं. ओलं असेल तर तेही जात नाही.

एक उणीव मला अजून सलते. पहिले तीन महिने सगळ्या सूचना फोनवरच्या ग्रुपमध्ये आणि इंग्रजीत येत होत्या. कॉलनीतल्या निम्म्याहून अधिक घरांत भाजी चिरते आणि बादली भरते ती कामाला येणारी बाई. त्यातल्या बऱ्याच जणी कर्नाटकातल्या, काही झारखंडच्या. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं आणि सांगितलंही नव्हतं, दोष मात्र त्यांना. सप्टेंबरात आम्ही त्यांना ड्रमपाशी बोलावलं, चहा ठेवला, एकेक वस्तू हातात घेऊन कुठे जाते ते दाखवलं. कन्नड येणाऱ्या एका वहिनींनी तिकडची बाजू सांभाळली. त्या एका तासाने जेवढा फरक पडला तेवढा आधीच्या सगळ्या सूचनांनी पडला नव्हता. बादलीत प्लास्टिक सापडणं जवळपास थांबलं.

दुसरी काळजी माणसांची. सुरुवातीला पाळीला सोळा नावं होती, आज नऊ आहेत. परीक्षा, आजारपण, बदली. सकाळचा दीड तास ही लहान गोष्ट नाही. ज्या दिवशी पाळीवर कुणी नसतं त्या दिवशी बादल्या झाकणावर ठेवून लोक जातात आणि कावळे येतात. नोव्हेंबरपासून प्रत्येक घर महिन्याला थोडे पैसे देतं आणि उलथण्याचं जड काम एका माळ्याला दिलं आहे. काही जुन्या स्वयंसेवकांना ते पटलं नाही. मला पटतं. सेवाभाव आहे म्हणून एका माणसाच्या कंबरेवर सगळं टाकू नये.

खत पहिल्यांदा हाती आलं ऑक्टोबरात, पावसामुळे उशिराच. आता कोरड्या दिवसांत 45 ते 60 दिवसांत तयार होतं. काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास. आमच्या गॅलरीतल्या मिरचीला आणि कढीपत्त्याला घातलं. उरलेलं आवारातल्या पाच माडांच्या आळ्यांत.

तुमच्या कॉलनीत सुरू करायचं असेल तर जरूर करा, पण मे-जूनमध्ये करू नका. आमचं तिथेच चुकलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू करा, म्हणजे सात कोरडे महिने हात बसायला मिळतात. आणि पाला आधी गोळा करा, ड्रम नंतर विकत घ्या.

सध्या फणस, आंबा, काजू, सगळ्यांची पानगळ चालू आहे. आजूबाजूला लोक ती पानं झाडून जाळतात, म्हणून आम्ही चार बंगल्यांना विचारून ठेवलं आहे. शनिवारी संध्याकाळी मुलं गोणी घेऊन जातात. जिन्याखालच्या खोलीत काल मोजल्या तेव्हा 31 गोणी होत्या. जूनपर्यंत शंभर हव्यात. खोलीची किल्ली त्या तळमजल्यावरच्या आजींकडे आहे आणि गोण ओली दिसली तर त्या आत घेत नाहीत.