सिक्युअर बूट बंद न करता विंडोज आणि लिनक्स: सोळा महिन्यांच्या वापरानंतर

परभणीत वसमत रस्त्याला आमचे एक छोटे सेवा केंद्र आहे. बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्रासाठी आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी विंडोज लागते. पत्रके, लग्नपत्रिका आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका जुळवण्याचे काम मी बऱ्याच वर्षांपासून लिनक्सवर करतो. जून २०२४ मध्ये नवा डेस्कटॉप घेतला, तेव्हा त्यावर विंडोज ११ प्रो आधीच बसवलेले होते. त्याच्या शेजारी लिनक्स मिंट २१.३ बसवले आणि सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना मान्य सही असलेलेच प्रोग्रॅम चालू देणारी सोय) चालूच ठेवायचे असे ठरवले. केंद्रात लोकांची आधार कार्डे, बँक पासबुके आणि सातबारे रोज हाताखालून जातात, त्यामुळे ज्या संगणकावर हे काम होते त्याचा दरवाजा पहिल्या क्षणापासून बंद असावा, ही माझी भूमिका तेव्हाही होती आणि आजही आहे.

अडचणी कुठे आल्या ते सांगण्याआधी ही साखळी कशी चालते ते सांगणे आवश्यक आहे, कारण ती समजेपर्यंत मी अंधारात चाचपडत होतो. मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या त्यातल्याच प्रोग्रॅममध्ये, विश्वासार्ह डिजिटल सह्यांची एक यादी असते आणि रद्द केलेल्या गोष्टींची दुसरी यादी असते. संगणक सुरू झाल्यावर फर्मवेअर फक्त पहिल्या यादीतील सही असलेलाच प्रोग्रॅम चालवते. लिनक्सच्या बाजूने तो प्रोग्रॅम म्हणजे शिम. शिमवर मायक्रोसॉफ्टची सही असते आणि शिमच्या पोटात लिनक्स वितरकाची किल्ली असते. त्या किल्लीने शिम ग्रबची (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमची) सही तपासतो, मग कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, सही तपासली जाते आणि कर्नल स्वतःच्या मॉड्यूलांची (ड्रायव्हरसारख्या जोडभागांची) तपासणी करतो. एवढ्या मोठ्या साखळीतील एक कडी जरी निसटली, तरी पडद्यावर दिसणारा संदेश फार त्रोटक असतो, आणि नेमकी कोणती कडी निसटली हे ओळखणे हेच दुरुस्तीचे निम्मे काम असते.

पहिल्याच आठवड्यात यूएसबीचे वायफाय अडॅप्टर लिनक्समध्ये चालेना. त्याचा ड्रायव्हर कर्नलसोबत येत नव्हता, तो डीकेएमएस या साधनाने आपल्याच संगणकावर तयार करावा लागत होता, आणि मॉड्यूल चढवताना ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असे उत्तर येत होते. दुरुस्तीला आलेला मुलगा म्हणाला, “काका, सिक्युअर बूट बंद करून टाका, सगळेच तसं करतात.” मी ते बंद केले. वायफाय लगेच सुरू झाले, पण संध्याकाळी विंडोज उघडायला गेलो, तर बिटलॉकरने, म्हणजे विंडोजमधील डिस्कच्या कुलपाने, ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. टीपीएम ही सुरक्षेची चिप सिक्युअर बूटची स्थिती मोजून ठेवते आणि ती स्थिती बदलली की डिस्कचे कुलूप आपोआप उघडत नाही, हे मला त्या दिवशी कळले. की माझ्या खात्यात जतन होती म्हणून निभावले. मुलगी मोबाइलवर पाहून सहा-सहा आकड्यांचे आठ गट एकेक करून वाचत होती आणि मी ते टाइप करत होतो. पाचव्या गटात एक आकडा चुकल्यामुळे तो गट पुन्हा वाचावा लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांत आधी ती की कागदावर छापून तिजोरीच्या कप्प्यात ठेवली आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू केले.

वायफायच्या प्रश्नाचे खरे उत्तर होते मोक, म्हणजे मशीनच्या मालकाची स्वतःची किल्ली. मिंट स्वतःच अशी किल्ली तयार करून तिने मॉड्यूलवर सही करते; ती किल्ली मान्य आहे एवढे शिमला सांगणे आपल्या हाती राहते. मोकयूटिल या साधनाच्या ‘इम्पोर्ट’ आज्ञेने किल्ली नोंदणीसाठी दिली की ते एक तात्पुरता पासवर्ड विचारते आणि पुढच्या बूटला निळा पडदा येतो. तिथे दहा सेकंदांत कुठलेही बटण दाबावे लागते. पहिल्या वेळी माझा जुना मॉनिटर उजळेपर्यंतच ती दहा सेकंदे निघून गेली, संगणक नेहमीसारखा सुरू झाला, आणि नोंदणीची विनंती रद्द झाल्यामुळे सगळे पहिल्यापासून करावे लागले. दुसऱ्या वेळी मॉनिटर आधीच चालू ठेवून, कीबोर्डवर बोट ठेवूनच बसलो. ‘एनरोल मोक’, ‘कंटिन्यू’, ‘येस’, पासवर्ड, रीबूट, आणि काम झाले. त्यानंतर कर्नल किती वेळा बदलला याचा हिशेब नाही, पण डीकेएमएस दर वेळी त्याच किल्लीने नव्या मॉड्यूलवर सही करते आणि वायफायने पुन्हा कधी त्रास दिलेला नाही. या एका कामाला लागलेल्या अर्ध्या तासाच्या मोबदल्यात सिक्युअर बूट कायमचे बंद ठेवण्याचा सल्ला देणे मला योग्य वाटत नाही.

सर्वांत अवघड दिवस १६ ऑगस्ट २०२४ हा होता. लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायला सकाळपासून बायका कागदपत्रांच्या पिशव्या घेऊन बसल्या होत्या. संगणक सुरू केला, तर काळ्या पडद्यावर शिमची एसबॅट (जुन्या, सदोष प्रती अडवणारी) तपासणी अयशस्वी झाल्याची ओळ आली, तिच्याखाली ‘सम्थिंग हॅज गॉन सीरियसली राँग’ अशी दुसरी ओळ आली आणि संगणक आपोआप बंद झाला. “दादा, फारम आज होतंय का न्हाई?” असे एका आजींनी विचारले. फर्मवेअरच्या बूट मेन्यूतून थेट विंडोज बूट मॅनेजर निवडल्यावर विंडोज मात्र व्यवस्थित उघडले, त्यामुळे दिवसभराचे अर्ज तिथून भरले आणि लिनक्सकडे रात्रीच पाहता आले.

कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. जुलै २०२० मध्ये ग्रबमधील बूटहोल हा दोष उघड झाला, तेव्हा सदोष प्रती एकेक करून रद्द यादीत घालाव्या लागल्या आणि त्या एका प्रकरणानेच यादीच्या साधारण ३२ किलोबाइट जागेपैकी सुमारे १० किलोबाइट खाल्ले. म्हणून एसबॅट ही पद्धत आली. तिच्यात प्रत्येक घटकाला पिढीचा एक आकडा असतो आणि किमान आकडा वाढवला की त्याखालच्या सगळ्या प्रती एकदम बाद होतात. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज सुरक्षा-अपडेटने शिमसाठी किमान पिढी ४ केली होती आणि आमच्या डिस्कवरचा शिम पिढी ३ चा होता. म्हणजे सिक्युअर बूट बिघडले नव्हते. ज्यासाठी ते बनवले आहे तेच काम ते करत होते आणि आमचा शिम जुना होता.

दुरुस्ती करताना पहिल्या आठवड्यातला बिटलॉकरचा धडा उपयोगी पडला. आधी विंडोजमध्ये बिटलॉकरचे संरक्षण तात्पुरते स्थगित केले, मग फर्मवेअरमधून सिक्युअर बूट बंद करून लिनक्स उघडले आणि मोकयूटिलला एसबॅटचे धोरण (किमान पिढीचे आकडे) पुसण्याची आज्ञा दिली. इथे घाई करू नये. सिक्युअर बूट बंद असतानाच लिनक्स आणखी एकदा सुरू होऊ द्यावे लागते, कारण शिम तो बदल पुढच्या बूटला अमलात आणतो. त्यानंतरच सिक्युअर बूट पुन्हा चालू केले. मात्र धोरण पुसणे हा तात्पुरता उपाय होता. पुढे शिमचे १५.८ हे पॅकेज बसवले, तेव्हा पिढी ४ झाली आणि प्रश्न खऱ्या अर्थाने मिटला. जुन्या आयएसओपासून (लिनक्स बसवण्याच्या फाइलपासून) बनवलेला माझा बचावाचा पेनड्राईव्हही याच कारणाने बाद झाला होता. ज्यांच्याकडे असा पेनड्राईव्ह आहे, त्यांनी तो अडचणीच्या दिवसाआधी एकदा सिक्युअर बूट चालू ठेवून तपासावा.

एक उणीव मात्र मान्य केली पाहिजे. सिक्युअर बूट चालू असताना कर्नल लॉकडाउनमध्ये (स्वतःत बदल होऊ न देणाऱ्या कडक स्थितीत) असतो आणि लिनक्समध्ये हायबरनेट करता येत नाही. उन्हाळ्यात दुपारी वीज गेली आणि यूपीएस शिट्टी मारू लागला की जुळवणीचे काम आहे तसे गोठवून ठेवण्याची सोय मिळत नाही. फायली जतन करून संगणक रीतसर बंद करावा लागतो. आमच्या भागात ही गैरसोय लहान नाही, तरी मी ती स्वीकारली आहे.

आता लक्ष जून २०२६ कडे आहे. शिमवर ज्या प्रमाणपत्राखाली सही होत आली, ते मायक्रोसॉफ्टचे २०११ चे प्रमाणपत्र त्या महिन्यात संपते आणि त्याची जागा २०२३ चे प्रमाणपत्र घेते. आज बसवलेला शिम त्या दिवशी अचानक बंद पडणार नाही, पण पुढचा शिम नव्या प्रमाणपत्राखाली सही होऊन आला, तर फर्मवेअरलाही ते माहीत असावे लागेल. मोकयूटिलने फर्मवेअरमधील विश्वासार्ह प्रमाणपत्रांची यादी काढून पाहिली तेव्हा तीत फक्त २०११ चीच नावे होती. गेल्या महिन्यात बिटलॉकर स्थगित करून फर्मवेअर अद्ययावत केले, पुन्हा यादी काढली, आणि तीत २०२३ ची ओळ आली होती. त्या यादीची एक प्रत रिकव्हरी कीच्या कागदासोबत तिजोरीच्या कप्प्यात ठेवली आहे.