'ओव्हरऑइलिंग करून मिळेल': चार स्टार, पाचवा मुद्दाम कापलाय

आधीच सांगतो, मी साधा गिऱ्हाईक नाहीये. अकरा वर्षं पेठेतल्या एका छोट्या सायकलच्या दुकानात होतो, ते बंद पडलं, मग दोन वर्षं हायवेजवळच्या एका मोठ्या चेन स्टोअरमधे सायकल सेक्शनला, आता तिसरंच काम करतो. त्यामुळं निष्पक्ष वगैरे काय नाय, पण पान्याचं काम कळतं मला, एवढं धरून वाचा.

काकांचं हे सायकल रिपेअरीचं दुकान पुण्यात सिंहगड रोडला आतल्या गल्लीत, पत्र्याचं. बोर्डावर 'ओव्हरऑइलिंग करून मिळेल' एवढंच वाचता येतं, बाकी रंग उडालाय. (खरा शब्द ओव्हरहॉलिंग, म्हणजे सगळी सायकल खोलून साफ करून परत जोडणं, हे माहितीय हो, पण जुन्या सायकलवाल्याकडं तसं म्हणून बघा, तो आधी तुमच्याकडं वर पासून खालपर्यंत बघेल.) नव्या सायकली विकणं काकांनी बंद केलंय, आता फक्त रिपेअरी. भिंतीवर ॲटलसचं जुनं पोस्टर आहे, ती कंपनी आठवत असेल, साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद झाला, नेमका जागतिक सायकल दिन होता त्या दिवशी. काका पोस्टर काढत नाहीत.

तर मुलीची गिअरची सायकल. मीच चेन स्टोअरमधे असताना स्टाफ डिस्काउंटवर घेतलेली. मागच्या चाकाला आऊट आली, म्हणजे चाक वाकडं फिरायला लागलं, ब्रेकपॅड घासायला लागलं, बघितलं तर फ्रीव्हीलच्या, म्हणजे चेन बसते त्या दातेरी चकत्यांच्या बाजूचे दोन स्पोक तुटलेले. आधी तिकडंच नेली. काउंटरवरचा पोरगा म्हणाला सर चाकच बदलावं लागेल, मागवायला वीसेक दिवस. त्याच्यावर चिडलो नाही कारण मी तिथं होतो तेव्हा मीपण हेच सांगायचो, कॉम्प्युटरमधे 'चाक' हा आयटम होता, 'स्पोक' नव्हता, मग नसलेली वस्तू विकणार कशी.

काकांनी सायकल उलटी केली, फ्रीव्हील खोललं, तुटलेला स्पोक वर टांगलेल्या जुडग्यांना लावून लावून मापाचा शोधला, दोन्ही ओवले आणि मग रिमजवळ खडू धरून चाक फिरवलं, जिथं खडू लागला तिथं निपल (स्पोकच्या टोकाचा छोटा नट) चावीनं अर्धा आटा फिरवला. पंचवीस मिनिटं. १४० रुपये. वर मला ऐकवलं ते वेगळं, की तू या धंद्यातला आणि पोरीच्या चाकाचे स्पोक एकदा पण ताणले नाहीस? बरोबरच आहे. मशीनवर बांधलेलं चाक महिना-दोन महिने चाललं की बसतं, स्पोक ढिले पडतात, आणि ढिला स्पोक दर फेऱ्याला वाकत वाकत शेवटी मुडपलेल्या टोकाशी तुटतो. पहिल्या फ्री सर्व्हिसला हेच बघायचं असतं. चेन स्टोअरच्या आमच्या फ्री सर्व्हिसमधे नुसतं हवा, चेनला ऑइल आणि कापडानं पुसणं.

आमच्या जुन्या दुकानात काळी सायकल सुट्या भागात यायची, मागच्या चाकाला ४० स्पोक, पुढच्याला ३२, सगळं दुकानातच गुंफायचं. नवीन पोऱ्याला पहिले सहा महिने दुसरं कामच नाही. त्यामुळं त्या चाकाची जबाबदारी कुणाची हा प्रश्नच नसायचा, गिऱ्हाईक थेट तुमच्या तोंडावर येऊन उभं. आता खोक्यातनं पंच्याऐंशी टक्के जोडलेली येते, उरलेली पंधरा टक्के घरी यूट्यूब बघून. काकांकडं मी बसलो होतो तेवढ्या वेळात एक जण ऑनलाइन घेतलेली घेऊन आला, फोर्क उलटा बसवलेला, ब्रेक स्वतःच्या गुडघ्याकडं! आणि डावं पेडल उजवीकडं घालून जोर लावलेला. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हो. क्रँकचे (पेडल बसतं त्या दांड्याचे) आटे गेले, क्रँक बदला. तो म्हणतो काका ऑनलाइन आठशे रुपये वाचले होते माझे. काका काहीच बोलले नाहीत, हेच मला नवल.

पण १४० रुपयांत दुकान चालत नाही हे मला दिसतंय. पूर्वी नव्या सायकलीत जे सुटायचं त्यावर दुकान चालायचं, पंक्चर, हवा, किरकोळ आऊट हे जवळपास फुकटात. विक्री मोठ्या दुकानांनी नेली, फुकटातली कामं इथंच राहिली. सप्टेंबर २०२५ ला सायकलीवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झाला तेव्हा काकांकडं शेवटच्या तीन सायकली पडून होत्या, जुन्या भावानं घेतलेल्या, लोक म्हणायचे कमी करा. त्या गेल्या आणि मग परत भरल्याच नाहीत.

आता चेन स्टोअरला नुसत्या शिव्या घालणाऱ्यांसाठी एक. माझा पीएफ आयुष्यात पहिल्यांदा तिथं कापला गेला. आठवड्याची सुट्टी, पगार बँकेत. आमच्या शेठकडं अकरा वर्षांत दिवाळीला पँटपीस आणि मिठाई, आणि शेठ माणूस चांगला होता बरं का. चाक बांधायला मी शेठकडं शिकलो, आजारपणाची रजा तिकडं मिळाली. दोन्ही एका जागी कुठंच नाय बघितलं.

एक स्टार का कापला ते. मुलगी तेरा वर्षांची, ती स्वतः विचारत होती की परत आऊट आली तर कळणार कसं, आणि काका उत्तर मला देत होते. माझ्याकडं बघून. दोनदा. मोठ्या दुकानात आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, जो चालवणार त्याच्याशी बोलायचं, पैसे देणाऱ्याशी नंतर. शेवटी मीच म्हटलं काका तिला सांगा ना. मग त्यांनी चावी तिच्या हातात दिली आणि एक निपल तिच्याकडनं फिरवून घेतलं, ते छान केलं, पण सांगावं लागलं.

हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल तर इथं नेऊ नका, ते स्वतःच नाही म्हणतात. रेटबोर्ड नाही, आधी विचारून घ्या. जीपे चालतं. शाळा सुटायच्या वेळी गर्दी असते, आणि नट हवा असेल तर जुना नट बरोबर न्या, नुसतं 'छोटा द्या' म्हटलं की भडकतात.