माफी की शिक्षेत कपात: जाता जाता बायडन यांनी काय दिलं?

शिक्षा कमी झाली तरी दोष कायम राहतो. २३ डिसेंबर २०२४ ला बायडन यांनी फेडरल, म्हणजे केंद्रीय कायद्याखालच्या, मृत्युदंडाच्या ४० पैकी ३७ कैद्यांची फाशी टाळली, पण बदल्यात पॅरोलविना जन्मठेप दिली. पूर्ण माफीची गोष्टच वेगळी. मुलगा हंटर यांची माफी १ जानेवारी २०१४ ते १ डिसेंबर २०२४ मधल्या सर्व फेडरल गुन्ह्यांना लागू, आरोपच न ठेवलेल्यांनाही! राज्याच्या कायद्याखालचे गुन्हे मात्र दोन्हींच्या कक्षेबाहेर. हंटर यांच्या माफीवर बायडन यांच्याच पक्षातले काही डेमोक्रॅटही चिडले. रिपब्लिकनांनी तर रान उठवलं. पण २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी कॅपिटल (अमेरिकी संसद भवन) हल्ल्यातल्या सुमारे १,५०० जणांना माफी आणि १४ जणांना कपात दिली, तेव्हा याच रिपब्लिकनांतले बरेच गप्प बसले.